जुन्या मर्सिडीजचे पार्ट परवडतील असे कसे मिळवायचे

पंधरा-अठरा वर्षांची ई-क्लास आज नव्या वॅगन आरच्या किमतीत मिळते, कधी त्याहूनही कमी. पार्टांच्या किमती मात्र गाडीसोबत उतरत नाहीत. तिची हेडलाइट, तिचा एसीचा कॉम्प्रेसर, तिचे कंट्रोल आर्म हे सगळं महागड्या गाडीसाठी बनलं होतं आणि शोरूमच्या काउंटरवर आजही त्याच तोऱ्यात मिळतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या जर्मन गाड्या बघा. मालकाला गाडी परवडली होती, दुसरं एस्टिमेट परवडलं नाही.

यातून वाट निघते. त्यासाठी तीन गोष्टी कळाव्या लागतात: नेमका कोणता पार्ट गेलाय, त्याचा नंबर काय, आणि तो मुळात कोणी बनवला. स्वस्त दुकान कुठलं हा प्रश्न त्यानंतरचा.

इथे मुख्यतः मर्सिडीजबद्दल लिहितोय, कारण महाराष्ट्रात जुनी आलिशान गाडी म्हटलं की बहुतेकदा तीच असते. १९९५ साली टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या आवारात डब्ल्यू १२४ मालिकेची ई-क्लास जोडायला सुरुवात झाली. तिच्यानंतर डब्ल्यू २१०, डब्ल्यू २११ आल्या, सी-क्लासमध्ये डब्ल्यू २०३ आली आणि २००९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला. त्यामुळे पुण्या-मुंबईत या गाड्या, त्यांचे जाणते मेकॅनिक आणि त्यांचे पार्ट तिन्ही सापडतात. बीएमडब्ल्यू आणि ऑडीवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे सांगेन.

बिघाड नक्की होईपर्यंत पाकीट खिशात

सगळ्यात महाग पार्ट कोणता? जो गेलेलाच नव्हता तो.

१९९६ नंतरच्या बऱ्याच मर्सिडीजमध्ये ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आहे. एखाद्या दिवशी तो दुसऱ्या गिअरमध्ये अडकतो, गाडी रखडत चालते, आणि गॅरेजवाला मान हलवून सांगतो, "साहेब, बॉक्स गेला." खरंच गेला असेलही. पण आधी बघायची जागा वेगळी आहे. बॉक्सच्या बाजूला वायरिंगचा तेरा पिनांचा प्लग ज्या प्लास्टिकच्या नळकांड्यात बसतो, त्याच्यावरचे दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, वयाने कडक होतात. तिथून ऑइल झिरपतं आणि वायरींच्या आतून चढत चढत दुसऱ्या टोकाच्या कंट्रोल युनिटच्या प्लगपर्यंत पोचतं. ते नळकांडं या गाडीच्या सगळ्यात स्वस्त पार्टांपैकी एक आहे. ते बदलताना भरायचं ऑइलच त्याहून महाग पडतं. पुढची शक्यता म्हणजे बॉक्सच्या आतली कंडक्टर प्लेट, जिच्यावर स्पीड सेन्सर असतात. तीही बॉक्स न उतरवता खालचा चेंबर काढून बदलता येते. या दोन्ही गोष्टी तपासल्याशिवाय "बॉक्स गेला" हे वाक्य ऐकून घेऊ नका.

डिझेलवाल्यांसाठी असाच एक प्रकार आहे. ओएम ६११, ओएम ६१२, ओएम ६४६ या कॉमन रेल इंजिनांत इंजेक्टरखाली तांब्याचा वॉशर असतो. तो गळायला लागला की इंजिनातून चक-चक आवाज येतो, केबिनमध्ये धुराचा वास येतो आणि इंजेक्टरभोवती काळा डांबरी थर साचतो. वेळेत पकडलं तर इंजेक्टरची बैठक साफ करायची, वॉशर आणि धरणारा बोल्ट नवा टाकायचा, काम संपलं. बोल्ट ताण घेऊन लांबतो, तो परत वापरायचा नसतो. दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर त्या थरात असा रुततो की काढता काढता इंजिनच्या हेडवर संकट येतं.

डब्ल्यू १२४च्या शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांत, म्हणजे साधारण १९९३ ते १९९५च्या, इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने भुगा होऊन गळतं. मग गाडी मिसिंग मारते, आयडलिंग हलतं, आणि एकामागून एक सेन्सर बदलले जातात. वायर बोटांनी हलकेच वाकवून बघा. आवरण तडकलं तर बाकी काहीही विकत घेऊ नका. नवी हार्नेस, म्हणजे वायरिंगची पूर्ण जुडी, महाग असते, पण चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन मूळ प्लग ठेवून उष्णता सोसणाऱ्या वायरींनी ती पुन्हा विणून देतो.

स्कॅनर लावला म्हणजे निदान झालं, असंही समजू नका. कोड सर्किट दाखवतो, पार्ट दाखवत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या नावाने कोड आला तरी दोष व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळीचा असू शकतो. गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: हा पार्ट गेलाय हे कशावरून ठरवलं? उत्तर "अनुभवावरून" असं आलं तर दुसऱ्या एखाद्याचं मत घ्या.

नंबर शोधा

"डब्ल्यू २१०चा वॉटर पंप द्या" असं दुकानात म्हणालात की खेळ दुकानदाराच्या हातात गेला. त्याच गाडीत चार-पाच इंजिनं आली होती. आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर घ्या आणि तो गाडीवरच्या नंबराशी जुळतो का ते बघा. मर्सिडीजच्या नेहमीच्या युरोपीय नंबरात चौथं ते सहावं स्थान मालिका सांगतं: १२४, २१०, २०३, २११. बीएमडब्ल्यूला शेवटची सात अक्षरं पुरतात. या नंबरावरून ऑनलाइन कॅटलॉगमध्ये किंवा शोरूमच्या पार्ट काउंटरवर तुमच्याच गाडीचा पार्ट नंबर निघतो. काउंटरवर भाव विचारायला जा आणि एस्टिमेटवर नंबर छापून द्यायची विनंती करा. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी मुद्दाम नंबर झाकून फक्त नाव छापतात.

नंबर वाचता आला तर पुष्कळ कळतं. मर्सिडीजचा नंबर 'ए' आणि पुढे दहा आकडे असा असतो. वर सांगितलेल्या गिअरबॉक्सच्या नळकांड्याचा नंबर आहे ए २०३ ५४० ०२ ५३. पहिले तीन आकडे तो पार्ट मुळात कोणत्या मालिकेसाठी आखला गेला ते सांगतात. इथे २०३, म्हणजे सी-क्लास. पण तोच पार्ट २१० आणि २११लाही बसतो. म्हणून "हा सी-क्लासचा आहे, तुमच्या ई-क्लासला चालणार नाही" असं कोणी म्हणालं तरी लगेच मागे फिरू नका, आणि उलट, आकडे जुळतात म्हणून बसेलच असंही धरू नका. कॅटलॉग सांगेल तेच खरं. आतल्या सजावटीच्या पार्टांना शेवटी चार आकडी रंगाचा कोड लागतो. तो विसरलात तर राखाडी डॅशबोर्डला काळं बटण येतं.

बीएमडब्ल्यूच्या अकरा आकड्यांत पहिले दोन विभागाचे: ११ इंजिन, १७ कूलिंग, ३१ पुढचा ॲक्सल, ३४ ब्रेक. ऑडी-फोक्सवॅगन-स्कोडाच्या नंबरात शेवटी एखादं अक्षर येतं, ते सुधारित आवृत्तीचं. कंपन्या नंबर बदलतातही, जुना रद्द होऊन नवा लागू होतो. म्हणून दुकानदार "हा बंद झाला" म्हणाला तर त्याच्या जागी कोणता आला ते विचारा.

पार्ट काढल्यावर त्याच्यावरचे सगळे आकडे, लोगो, बनवणाऱ्याचं नाव यांचे फोटो काढा. ओतकामातला आकडा बऱ्याचदा पार्ट नंबर नसतो, साच्याचा असतो. तरीही फोटो हवाच, कारण पुढचा प्रश्न त्यावरच सुटतो.

तारा असलेला डबा आणि तारा नसलेला डबा

मर्सिडीज स्वतः शॉकॲब्सॉर्बर बनवत नाही, ब्रेक पॅड बनवत नाही, फिल्टर बनवत नाही. ते बनवतात झाक्स, बिलस्टाइन, आटे, टेक्स्टार, युरिड, मान, हेंग्स्ट, माले. सस्पेन्शनचे बॉल जॉइंट आणि आर्म लेम्फर्डरचे, बेल्टचे टेन्शनर आयएनएचे, क्लच लुकचा किंवा झाक्सचा, रेडिएटर बेरचा, थर्मोस्टॅट वालरचा किंवा बेरचा, हेड गॅस्केट व्हिक्टर राइन्त्स किंवा एलरिंगचं, इंजेक्शन बॉशचं. तोच पार्ट कंपनीच्या डब्यात जातो तेव्हा त्यावर मर्सिडीजचा तारा असतो. निर्मात्याच्या स्वतःच्या डब्यात येतो तेव्हा नसतो. लेम्फर्डरच्या आर्मवर कधी कधी तारा घासून काढल्याची खूण दिसते. नवखा गिऱ्हाईक ती बघून "डुप्लिकेट आहे" म्हणून परत करतो. जाणता खूश होतो.

बाजारात चार थर आहेत. कंपनीच्या डब्यातला जेन्युइन. मूळ निर्मात्याच्या डब्यातला, ज्याला दुकानदार ओईएम म्हणतात. मग मूळ पुरवठादार नसलेल्या पण नाव असलेल्या कंपन्यांचा: फेबी, मायले, कॉर्टेको वगैरे. आणि शेवटी पांढऱ्या डब्यातला, ज्याच्यावर फक्त गाडीचं नाव असतं.

माझा हिशेब असा. सस्पेन्शन, ब्रेक, कूलिंग, टायमिंग चेन या चारांत मूळ निर्मात्याखाली उतरत नाही. रबरी माउंटिंग, स्टॅबिलायझर लिंक, नळ्या, लहानसहान बुश यांत तिसरा थर चालतो. फेबीसारख्या कंपन्या सगळंच स्वतः बनवत नाहीत, काही बाहेरून घेऊन आपल्या डब्यात देतात, त्यामुळे एक पार्ट उत्तम तर दुसरा जेमतेम असं होतं. मायलेच्या एचडी मालिकेवर चार वर्षांची हमी असते आणि तिचे काही आर्म मूळापेक्षा मजबूत बांधलेले असतात. पांढरा डबा फक्त अशा जागी, जिथे पार्ट तुटला तर गैरसोय होईल पण अपघात होणार नाही.

यातले बरेच निर्माते आपल्याकडेच आहेत. बॉशचा डिझेल इंजेक्शनचा कारखाना नाशिकला आहे. आयएनए, लुक, फाग ही नावं ज्या शेफलरची, तिचं भारतातलं मुख्यालय पुण्यात आहे. म्हणजे त्यांचा वितरक गाठणं अवघड नाही. मात्र भारतीय गाड्यांसाठीचा त्यांचा माल आणि युरोपीय गाडीसाठीचा माल एकच नसतो. नंबर देऊनच मागवा.

गाडीची देशी भावंडं

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे पैसे वाचतातच, शिवाय इतिहासही कळतो.

डब्ल्यू १२३ मालिकेची जुनी २४० डी कोणाकडे असेल तर तिचं इंजिन ओएम ६१६. याच इंजिनाचा परवाना बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, घेतला आणि ते वर्षानुवर्षं ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. गावोगावच्या वडापच्या गाड्या ज्यावर धावल्या तेच हे इंजिन. त्यामुळे तिच्या इंजिनाचे बरेच पार्ट जिल्ह्याच्या गावातल्या टेम्पोच्या दुकानातही निघतात, आणि टेम्पोच्या भावात. सगळेच जसेच्या तसे बसतील असं नाही, फोर्सने काळानुसार बदल केले आहेत. जुना पार्ट हातात घेऊन जा आणि माप जुळवा.

फोर्सचीच २०११ची फोर्स वन एसयूव्ही मर्सिडीजच्या ओएम ६११वरून आलेल्या २.२ लिटर इंजिनवर होती. महिंद्राने २०१२ पासून विकलेली सँगयाँग रेक्स्टन ही तर २.७ लिटरच्या मर्सिडीज वंशाच्या पाच सिलिंडर इंजिनासह आली, आणि ऑटोमॅटिक मॉडेलला मर्सिडीजचा पाच गिअरचा बॉक्स होता. गिअरबॉक्सचा फिल्टर, गॅस्केट, इंजिनच्या बाजूचे पुली-टेन्शनर असल्या वस्तूंसाठी या गाड्यांच्या नंबरांशी आपला नंबर ताडून बघणं फायद्याचं ठरतं.

ऑडीवाल्यांचं नशीब इथे सर्वांत बरं. ऑडी ए-४मधलं दोन लिटरचं टीडीआय (डिझेल) आणि १.८चं टीएफएसआय (पेट्रोल) याच घराण्यातली इंजिनं स्कोडा लॉरा, सुपर्ब, फोक्सवॅगन जेटा, पासाट यांत आली. छत्रपती संभाजीनगरच्या ज्या कारखान्यात लॉरा आणि सुपर्ब जोडल्या गेल्या, तिथेच ऑडीही जोडल्या गेल्या. सेन्सर, इंजेक्टर, ईजीआरचे (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेचे) पार्ट यांचे नंबर अनेकदा अक्षरशः एक निघतात, फक्त ऑडीच्या डब्यावर भाव वेगळा. एक लक्षात ठेवा: ए-४मध्ये इंजिन उभं बसतं, सुपर्बमध्ये आडवं. त्यामुळे इंजिनच्या आतलं जुळेल, बाहेरचे पाइप, माउंटिंग, गिअरबॉक्स जुळणार नाहीत.

मापावर मिळणाऱ्या वस्तू

काही पार्ट गाडीच्या नावाने मागितले की महाग, मापाने मागितले की स्वस्त. फॅन बेल्टवर ६पीके२२६० असं काही लिहिलेलं असतं: सहा खाचा, २२६० मिलिमीटर लांबी. कॉन्टिटेक किंवा गेट्सचा तेवढाच बेल्ट कुठल्याही चांगल्या बेल्टच्या दुकानात मिळतो. अल्टरनेटरच्या आत ६२०३, ६३०३ असल्या प्रमाणित नंबरांचे बेअरिंग असतात. एसकेएफचं घ्या, वायंडिंगवाल्याकडून बसवून घ्या, नव्या अल्टरनेटरचा विषय संपला. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी या तीन आकड्यांवर मिळतं, फक्त गरम जागेसाठी व्हिटॉनचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराचं, मागा. ऑक्सिजन सेन्सर बॉशचा सर्वसाधारण प्रकारचा घेऊन जुना प्लग जोडता येतो, पण जोड पाणी न शिरणारा हवा. बॅटरी डीआयएन या जर्मन मानकाच्या मापाची.

ऑइलच्या बाबतीत डब्यावरचा मानकाचा आकडा वाचा: इंजिनसाठी मर्सिडीजचा २२९.५, ७२२.६ गिअरबॉक्ससाठी २३६.१४. डब्यावर आकडा छापलेला असेल तर ब्रँड कुठला का असेना.

बाजारात कसं शिरायचं

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या, दिल्लीत काश्मिरी गेट: नव्या पार्टांची ही जुनी ठिकाणं. जुन्या मालासाठी कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. पण आता बहुतेक व्यवहार फोनवरच होतात. जर्मन गाड्यांवरच काम करणारे मोजके दुकानदार प्रत्येक शहरात असतात, त्यांची नावं मर्सिडीजचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजांकडून कळतात.

पहिल्या मेसेजमध्ये हे पाठवा: चेसिस नंबर, पार्ट नंबर, जुन्या पार्टचे दोन बाजूंनी फोटो, आणि "मूळ निर्मात्याच्या डब्यात काय आहे, कोणत्या ब्रँडचं, जीएसटी धरून भाव काय" हा प्रश्न. नंबर देणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळणारा भाव आणि "साहेबांच्या गाडीचा पार्ट हवाय" म्हणणाऱ्याला मिळणारा भाव यांत मोठा फरक असतो. तीन ठिकाणी विचारा. एकाचा भाव बाकीच्यांच्या निम्मा आला तर आनंद मानण्याआधी ब्रँड पुन्हा विचारा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. आधी बहुतेकांवर २८ होता. जुन्या एस्टिमेटशी तुलना करताना हे धरा. आणि पक्कं बिल घ्याच. पार्ट चुकीचा निघाला तर परत करण्यासाठी तोच एक कागद तुमच्या हातात असतो.

दुसऱ्या शहरातून जुना माल मागवत असाल तर आगाऊ पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ मागा, ज्यात पार्टसोबत तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद दिसेल. खरा माल असलेला दुकानदार दोन मिनिटांत पाठवतो.

जुना माल: काय घ्यावं, काय नाही

दरवाजे, काचा, बॉनेट, सीट, लाकडी पट्ट्या, बटणं, हेडलाइट, टेललाइट, आरसे, अलॉय व्हील, ब्लोअर, वायपरची मोटर, डिफरन्शियल: हे सगळं जुनं घेण्यात काहीही कमीपणा नाही. शोरूममध्ये हेडलाइट पूर्ण जोडणीसकट घ्यावी लागते, तिथे कापायला आलेल्या गाडीची हेडलाइट पॉलिश करून घेतली तर हिशेब फारच वेगळा होतो. अलॉयला आतल्या कडेने वेल्डिंगची खूण आहे का ते बघा; आपल्या खड्ड्यांत तुटलेलं व्हील जोडून, रंगवून विकलं जातं.

ब्रेकचं काहीही, बॉल जॉइंट, रबर, टायमिंगचं साहित्य, फ्यूएल पंप, एअरबॅग आणि सीटबेल्ट जुने घेऊ नका. वाचलेले पैसे मजुरीतच दुसऱ्यांदा जातात. एअरबॅगची तर गोष्टच वेगळी, ती तुमच्यासमोर तपासता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक युनिट घेताना दोन प्रश्न. एक, गाडी पुरातली आहे का? २६ जुलै २००५ची मुंबई आणि डिसेंबर २०१५चं चेन्नई यांनंतर बुडालेल्या महागड्या गाड्या लिलावात गेल्या आणि पार्टांच्या रूपाने देशभर पसरल्या. नंतरच्या प्रत्येक पुरानंतर हेच होतं. प्लगच्या पिना भिंगाखाली बघा. हिरवी किंवा पांढरी बुरशी दिसली की सोडून द्या. दोन, युनिट चोरीविरोधी यंत्रणेशी बांधलेलं आहे का? इंजिनचं कंट्रोल युनिट, चावीचं कुलूप, काही गाड्यांत गिअरबॉक्सचं युनिट दुसऱ्या गाडीत सरळ चालत नाही. ते कोरं करून तुमच्या गाडीला शिकवावं लागतं. हे काम करणारा माणूस आधी ठरवा, त्याच्याशी बोला, मग युनिट घ्या. बऱ्याचदा तो तुमचंच युनिट दुरुस्त करून देतो.

चोरीचा माल हा या बाजाराचा काळा कोपरा. मीरतचं सोतीगंज चोरीच्या गाड्या तोडण्यासाठीच कुप्रसिद्ध होतं. २०२१च्या अखेरीस पोलिसांनी ते बंद पाडलं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, चावी-कुलपाचा संच यांसारखं काही घेताना ज्या गाडीतून निघालं तिचा चेसिस नंबर आणि भंगारात काढल्याचा कागद मागा. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद लागते, तेव्हा कागद नसेल तर सगळं अडतं. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांतून निघालेला माल या बाबतीत निर्धोक.

बदलण्याआधी दुरुस्तीचं बघा

आपल्याकडे अजून लेथवाला आहे, वायंडिंगवाला आहे, रेडिएटरवाला आहे, आणि जुन्या गाडीच्या मालकाचं खरं भाग्य तेच. स्टिअरिंग रॅकचे सील बदलून मिळतात. टर्बोचा आतला कार्ट्रिज बदलता येतो. इंजेक्टर बॉशच्या डिझेल सेंटरवर तपासून घेता येतात. प्रॉपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग बदलून तो बॅलन्स करून मिळतो. एसीचा आणि स्टिअरिंगचा दाबाचा पाइप जुन्याच टोकांवर नवा होज क्रिंप करून बनतो. शोरूममध्ये आर्म पूर्णच घ्यायला लावतात, पण बऱ्याच आर्मांचा बुश सुटा मिळतो आणि प्रेसवर बसवता येतो. फक्त बॉल जॉइंट ढिला असेल तर आर्मच बदला.

डॅशबोर्डवरचे गळलेले पिक्सेल, एबीएस मॉड्यूलचे सुटलेले सोल्डर, सेंट्रल लॉकिंगचा व्हॅक्यूम पंप हेही दुरुस्त होतात. मॉड्यूल कुरिअरने पाठवायचं झालं तर आधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि पेनने एक खूण करा.

परदेशातून मागवताना

जर्मनी किंवा अमेरिकेतल्या दुकानाचा भाव बघून लगेच हुरळून जायला होतं. हिशेब पूर्ण करा. शुल्क नुसत्या पार्टवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतं. पार्ट १०,००० रुपयांचा, वाहतूक ३,००० रुपये, झाले १३,०००. सुट्या भागांवर मूळ सीमाशुल्क साधारण १५ टक्के, म्हणजे १,९५०. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १९५. आता १५,१४५वर १८ टक्के आयजीएसटी, सुमारे २,७२६. एकूण १७,८७१, वर कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क. कुरिअरने पार्सल वैयक्तिक आयातीच्या शीर्षकाखाली दाखवलं तर दर बदलतो, म्हणून पैसे भरण्याआधी त्यांनाच विचारा. जर्मन दुकान युरोपाबाहेर पाठवताना तिथला १९ टक्के व्हॅट वजा करतं का, तेही विचारा. काही करतात, काही करत नाहीत.

मोठ्या पण हलक्या वस्तू मागवूच नका. कुरिअर वजन आकारमानावर धरतो: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. बंपरचं भाडं बंपरपेक्षा जास्त होतं. सेन्सर, सील किट, स्विच, व्हॉल्व्ह अशा मुठीत मावणाऱ्या वस्तूंसाठी परदेश ठीक.

आखातात किंवा जर्मनीत आपलं कोणी असेल तर सुट्टीला येताना बॅगेत एखादा पार्ट येतो. शारजाच्या औद्योगिक भागात जुन्या पार्टांचा प्रचंड बाजार आहे आणि तिथल्या गाड्यांना गंज कमी असतो. शुल्कमाफीची मर्यादा तेवढी आधी बघा. आणि भाच्याला एअरबॅग किंवा डिकीचे गॅसचे दांडे आणायला सांगू नका, ते धोकादायक मालात मोडतात आणि विमानतळावर त्याचीच पंचाईत होते.

डबा उघडण्यापूर्वी आणि बसवताना

नकली माल मूळ निर्मात्यांच्या डब्यातही येतो, विशेषतः फिल्टर, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग. छपाई पुसट आहे का, डब्यावरचा नंबर आणि पार्टवर कोरलेला नंबर एक आहे का, एमआरपी आणि आयातदाराचं नाव छापलंय का, क्यूआर कोड कंपनीच्याच साइटवर नेतो का, एवढं बघा. रबरी पार्टवर बनल्याची तारीख असते. दहा वर्षं गोदामात पडलेला बुश नवा म्हणून घेण्यात अर्थ नाही.

सगळे पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलू देऊ नका. लिफ्टवर अडकलेल्या गाडीचा मालक कुठल्याही भावाला हो म्हणतो. गिऱ्हाइकाने आणलेल्या पार्टवर बरीच गॅरेजं हमी देत नाहीत, काही मजुरी जास्त लावतात. हे आधीच बोलून घ्या आणि त्यांना थोडी जास्त मजुरी द्यायला कुरकुर करू नका. तुम्ही त्यांचा पार्टवरचा नफा काढून घेतलाय. शॉकॲब्सॉर्बर, डिस्क, स्प्रिंग जोडीनेच. कूलंट काढलंच आहे तर थर्मोस्टॅट आणि नळ्याही त्याच वेळी. बीएमडब्ल्यूच्या बाबतीत तर प्लास्टिकची एक्स्पान्शन टाकी, नळ्या आणि वॉटर पंप एकत्रच करा, एक गेलं की बाकीचे मागोमाग जातात.

जिथे स्वस्त शोधायचं नाही

डब्ल्यू २१०च्या पुढच्या स्प्रिंगची वरची बैठक गंजाने बॉडीतून सुटते. कोकण, गोवा, मुंबईच्या किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीत आधी तिथे टॉर्च मारा. नवी बैठक आणि चांगला वेल्डर, यात घासाघीस नको.

२००६च्या बदलाआधीच्या डब्ल्यू २११मध्ये एसबीसी ही विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा आहे. तिचा पंप किती वेळा चालला हे ती स्वतः मोजते आणि मर्यादा संपली की लाल सूचना देते. तो आकडा शून्य करून देणारे बाजारात भेटतात. पंप मात्र तेवढाच झिजलेला राहतो. याच गाडीचे पॅड बदलताना यंत्रणा आधी निष्क्रिय करावी लागते, नाहीतर कोणी दार उघडलं की कॅलिपर बोटांवर आवळतो. हे माहीत नसलेल्या मेकॅनिककडे ती गाडी देऊ नका. विकत घ्यायचीच असेल तर २००६ नंतरची बघा.

एस-क्लास डब्ल्यू २२० आणि २२१च्या हवेच्या सस्पेन्शनचं तसं नाही, तिथे पर्याय आहेत. मूळ स्ट्रटऐवजी पुनर्बांधणी केलेले स्ट्रट मिळतात, आणि अगदीच परवडत नसेल तर साध्या स्प्रिंगांचं किट बसतं. ते बसवल्यावर डॅशबोर्डवरची सूचना बंद करण्याची सोय किटमध्ये आहे का ते घेतानाच विचारा, आणि जुने हवेचे स्ट्रट फेकू नका. पुढचा मालक मूळ सस्पेन्शन परत बसवायचं म्हणाला तर पुनर्बांधणीसाठी तेच लागतात.